मागे कोण राहिलं?

होस्टेलमध्ये पहाटे साडेचारला एखाद्या खोलीत दिवा दिसला, तर साधारण तीन शक्यता असतात. सबमिशन आहे, पेपर आहे, किंवा रात्री दिवा बंद करायला कुणी उठलंच नाही. आमच्या मजल्यावर यात चौथी शक्यता वाढली. रविवारी त्या वेळेला आम्ही काही जण बुटांच्या नाड्या बांधत असायचो. सुरुवातीला वॉचमन काकांना वाटलं, पोरं पळून चालली आहेत. तसं ते काही खोटं नव्हतं.

आम्ही एकूण आठ जण. बॉईज होस्टेलचे पाच, गर्ल्स होस्टेलच्या सिव्हिलच्या दोघी आणि आमचे वर्कशॉपचे सर. डिसेंबरात सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन गडांच्या परिसरात डोंगरवाटांवरची शर्यत होते. तिचा एक टप्पा ५३ किलोमीटरचा आणि त्याहून छोटे गटही असतात. आम्ही विद्यार्थ्यांनी २५ किलोमीटरच्या गटात नाव घालायचं ठरवलं. हातात चार महिने होते. सर स्वतः बरीच वर्षं डोंगरात पळणारे. त्यांनी वेळापत्रक आखून दिलं, दोघींना पहाटे बाहेर पडण्यासाठी रेक्टर मॅडमची लेखी परवानगी मिळवून दिली आणि एकच अट घातली, "रविवारचं पळणं एकट्याने करायचं नाही. गेलात तर सगळे, आलात तर सगळे."

या अटीचा दुसरा अर्धा भाग आम्हाला कळायला एक वाईट दिवस जावा लागला. त्या दिवसाबद्दल आणि त्यातून शिकलेल्या गोष्टींबद्दल हा लेख आहे. डोंगरात पळायची इच्छा असलेल्यांना तो उपयोगी पडेल. ज्यांना ती इच्छा नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण ग्रुप प्रोजेक्ट तर सगळ्यांनाच करायचा असतो.

चढाचं गणित

मैदानावर १० किलोमीटर आरामात पळणारा माणूस डोंगरात ३ किलोमीटरला बसकण मारतो. असं का होतं, ते आपण इंजिनिअरिंगवाले आहोत म्हणून आकड्यांत बघू.

आतकरवाडीतून सिंहगडाची पायवाट धरली तर जवळपास ३ किलोमीटरमध्ये सुमारे ६०० मीटर उंची चढावी लागते. म्हणजे सरासरी चढ २० टक्के. ६० किलोचा मुलगा धरा. त्याला नुसतं ६०० मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा म्हणजे mgh हे आपलं अकरावीतलं सूत्र. ६० गुणिले ९.८ गुणिले ६००, म्हणजे सुमारे ३५३ किलोज्यूल, म्हणजेच ८४ किलोकॅलरी. फार वाटत नाही ना? पण आपल्या स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्केच असते. त्यामुळे प्रत्यक्षात साडेतीनशे-चारशे किलोकॅलरी जळतात. तेवढंच अंतर सपाटीवर पळायला १८० च्या आसपास पुरतात.

इटलीच्या अल्बर्टो मिनेट्टी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयावर २००२ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. पळणाऱ्यांना वेगवेगळ्या चढ-उतारांच्या ट्रेडमिलवर पळवून त्यांनी ऊर्जा मोजली. सपाटीवर दर किलो वजनाला दर मीटरमागे साधारण साडेतीन ज्यूल लागतात. २० टक्के चढावर हाच आकडा ९ च्या घरात जातो. गंमत पुढे आहे. २० टक्के उतारावर तो २ ज्यूलच्याही खाली येतो आणि पळण्यासाठी सर्वात स्वस्त उतार हाच. म्हणजे सिंहगड उतरणं हे हिशोबाने सपाटीच्या निम्म्या खर्चाचं काम आहे!

दुसरं एक जुनं सूत्र स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकाचं, १८९२ सालचं. डोंगरात चालताना दर ५ किलोमीटरला एक तास धरा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवा. सिंहगडासाठी ३६ मिनिटं अधिक ६० मिनिटं, म्हणजे साधारण दीड तास. पहिल्यांदा गड चढणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर याच्याच आसपास येईल. एवढ्या वर्षांपूर्वीचं सूत्र आतकरवाडीत लागू पडतं, याचं मला अजून नवल वाटतं.

यातून सरांनी पहिला धडा दिला. डोंगरात वेग किलोमीटरवर मोजायचा नाही, श्वासावर मोजायचा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, दोन शब्दांत दम लागला तर जास्त. यासाठी ते आम्हाला चढावर न्यूटनचे नियम म्हणायला लावायचे. दुसरा नियम एका श्वासात पूर्ण झाला पाहिजे. आमच्यातल्या एकाला श्वास पुरायचा, पण नियमच येत नव्हता. ती वेगळी गोष्ट. चढ तीव्र झाला की सरळ चालायचं, यात कमीपणा नाही. चांगले चांगले पळणारेही तीव्र चढावर गुडघ्यावर हात ठेवून चालतात.

उताराचं कर्ज

उतार स्वस्त आहे म्हणालो, पण ते फक्त ऊर्जेच्या बाबतीत. त्याची वसुली मांड्यांकडून होते. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ब्रेकचं काम करतात. भार घेत असतानाच ते लांबत असतात. अशा ताणात स्नायूंच्या धाग्यांना अगदी बारीक इजा होते. दुखणं लगेच जाणवत नाही. ते एक-दोन दिवसांनी शिखर गाठतं. म्हणूनच रविवारी गड उतरलेला मुलगा मंगळवारी लेक्चरला जिना उलटा उतरताना दिसतो.

यावर उपाय म्हणजे थोडे थोडे उतारच. एकदा उताराचा सराव झाला की पुढचे काही आठवडे स्नायू तशाच माराला पुष्कळ कमी दुखतात, हे सिद्ध झालेलं आहे. आमच्या सह्याद्रीत तर नुसता उतार नसतो. काळ्या कातळावर पसरलेला मुरूम, म्हणजे ट्रेकर मंडळींच्या भाषेत घसारा. त्यावर टाच रोवून ब्रेक लावला की माणूस बसलाच. पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, नजर तीन-चार पावलं पुढे. मी यात स्वतःला फार हुशार समजत होतो. का ते शेवटी सांगतो.

तो रविवार

ऑक्टोबरचा शेवट होता. सरांची परीक्षेची ड्यूटी होती म्हणून ते आले नाहीत. आम्ही सात जण कात्रज ते सिंहगड करणार होतो. जुन्या कात्रज बोगद्याच्या वर वाघजाईचं देऊळ आहे, तिथून डोंगराच्या धारेवर चढायचं आणि टेकड्यांमागून टेकड्या ओलांडत सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचं. अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. टेकड्या नक्की किती यावर ट्रेकर लोकांत एकमत नाही आणि मोजण्याइतका दम कुणात उरत नाही. वाटेत पाणी नाही. बहुतेक लोक ही वाट चांदण्या रात्री चालतात, त्याला कारण आहे. ऑक्टोबरचं ऊन.

साडेपाचला निघालो. पहिला तास मजेत गेला. उजवीकडे पुण्याचे दिवे विझत होते, डावीकडे खेड शिवापूरच्या बाजूला सातारा रस्त्यावरचे ट्रक मुंग्यांसारखे दिसत होते. समोर लांबवर सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा. पण पावसाळ्यानंतरचं गवत कमरेपर्यंत वाढून वाळलं होतं आणि बऱ्याच ठिकाणी मळलेली वाट त्याखाली गायब झालेली होती.

मी सगळ्यांत पुढे. वाटेचा ट्रॅक माझ्या घड्याळात होता आणि फक्त माझ्याच घड्याळात होता. त्याच घड्याळात सरासरी वेगही दिसत होता आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष ट्रॅकपेक्षा त्या आकड्याकडे जास्त होतं. माझ्यासोबत दोघं. मध्ये सिव्हिलच्या दोघी आणि आणखी एक जण. सर्वांत मागे माझा रूम पार्टनर. तो आमच्यात सर्वांत हळू, पण सर्वांत नियमित. चार महिन्यांत एकही रविवार त्याने बुडवला नव्हता.

नऊ वाजता आम्ही तिघं घाटरस्त्यावर पोचलो. वीस मिनिटांनी मधले तिघं आले. त्यांनी विचारलं, "पार्टनर कुठाय?"

मी म्हणालो, "तुमच्याबरोबर ना?"

"आम्हाला वाटलं, तो तुम्हाला मधेच येऊन मिळाला."

ते ऐकून पोटात जो गोळा आला तो शब्दांत सांगता येणार नाही. फोन लावला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्याच्याकडे एक लिटरची एक बाटली होती, ती कधीच संपलेली असणार. ऊन चढायला लागलं होतं. दोघं उलटे धारेवर गेले. मी त्यांच्यातला एक. प्रत्येक टेकडीवर उभं राहून हाका मारल्या. वाऱ्यात त्या आपल्याच कानापर्यंत पोचत नाहीत. दोघींपैकी एक सरांना फोन करत होती, दुसरी घाटरस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती. त्या टेकड्यांवर सकाळी मी ज्या वेगाची फुशारकी मारत होतो, तो वेग आठवून मला माझीच लाज वाटत होती. त्याच्या आईचा चेहरा सारखा समोर येत होता. दिवाळीत त्यांनी आमच्यासाठी पाठवलेल्या चकल्यांचा डबा अजून आमच्या खोलीतच होता.

पावणेएकला अनोळखी नंबरवरून फोन आला. पार्टनरचाच आवाज. डावीकडच्या एका सोंडेवरून उतरत तो खालच्या वाडीत पोचला होता. वाटेत गुरं राखणारे एक आजोबा भेटले. त्यांनी त्याला सावलीत बसवलं, थोडं थोडं पाणी दिलं, मग घरी नेऊन मीठ घातलेलं ताक आणि भाकरी दिली. फोनही त्यांच्या नातवाचाच. आजोबांनी त्याला विचारलं म्हणे, "पोरा, एकटाच आलतास व्हय डोंगरात?" पार्टनर म्हणाला, "नाही आजोबा, सात जण आहोत." त्यावर आजोबा काही बोलले नाहीत.

संध्याकाळी खोलीवर तो रागावेल, भांडेल, असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "अरे, मी दोनदा हाक मारली होती तुम्हाला."

चूक कुठे झाली?

सोमवारी सरांनी आम्हाला वर्कशॉपमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. फळ्यावर आकृती काढायला लावली आणि एखादं मशिन बंद पडल्यावर करतो तसं बिघाडाचं कारण शोधायला सांगितलं.

पार्टनर नेमका का मागे पडला? बुटात खडा गेला होता. बूट काढून, झटकून, नाडी बांधायला दोन मिनिटं लागली. ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर. दोन मिनिटांत पुढचे २०० मीटर गेले. धारेवर २०० मीटरमध्ये एक वळण आणि एक उंचवटा आला की माणूस दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. पुढच्या फाट्यावर तो आला तेव्हा दोन वाटा होत्या. डावीकडची जास्त मळलेली होती, कारण ती गुरांची वाट होती. त्याने ती धरली.

मग लक्षात आल्यावर तो मागे का फिरला नाही? कारण त्याला वाटलं, आम्ही जरा पुढेच असू. म्हणून त्याने वेग वाढवला. म्हणजे चुकीच्या वाटेवर, पाणी संपलेलं असताना, आम्हाला गाठायला तो त्या दिवसातला सर्वांत जोरात पळाला.

इथे सरांनी एक प्रश्न विचारला, जो मी विसरणार नाही. "तुम्ही वाटेत थांबलात तेव्हा किती वेळ थांबलात?" मी म्हणालो, दोन वेळा, पाच-पाच मिनिटं, मागचे येईपर्यंत. "आणि मागचा आला की?" आलं लक्षात? मागचा आला की आम्ही म्हणायचो, "चला, आले सगळे." आम्हाला पाच मिनिटं विश्रांती आणि त्याला शून्य. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नव्हती. आणि वर आम्हाला वाटायचं की आम्ही त्याच्यासाठी थांबलो!

प्रॉडक्शनच्या मुलांना हे नवीन नाही. लाइनवरचं सर्वांत हळू मशिन सगळ्या लाइनचा वेग ठरवतं. पुढची मशिन्स कितीही पळवली तरी माल तेवढाच बाहेर पडतो, फक्त मधे ढीग साचतो. फरक एवढाच की डोंगरात ढीग साचत नाही, माणूस हरवतो.

आमचे नियम

त्यानंतर आम्ही जे नियम केले ते इथे देतो. कागदावर सोपे आहेत. पाळायला लागल्यावर कळतं.

१. मोजणी. निघताना, प्रत्येक थांब्यावर आणि शेवटी मोठ्याने आकडे म्हणायचे. "आले सगळे" हे वाक्य बंद. सगळे म्हणजे किती, ते म्हणायचं.

२. गार्ड. मालगाडीला पुढे ड्रायव्हर आणि मागे गार्ड असतो. तसा आमच्यातला एक अनुभवी माणूस कायम शेवटी राहतो. त्याच्यामागे कुणीही नाही. पाण्याची जादा बाटली आणि प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे. पाळी दर रविवारी बदलते. रेल्वेने २०२२ मध्ये गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, आम्ही मात्र गार्डच म्हणतो.

३. फाटा. वाट फुटते तिथे पुढचा माणूस थांबतो आणि मागचा नजरेला पडून त्याने हात वर केल्याशिवाय हलत नाही. मग तो मागचा त्याच्या मागच्यासाठी थांबतो.

४. विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस खाली बसल्यावर सुरू होतं.

५. वाट सगळ्यांकडे. ट्रॅक प्रत्येकाच्या फोनमध्ये, आणि नेटशिवाय उघडेल असा नकाशाही. त्याशिवाय निघण्यापूर्वी तोंडी उजळणी. मनोरा समोर, पुणे उजवीकडे, सातारा रस्ता डावीकडे. बॅटरी संपली तरी हे संपत नाही.

६. शिट्टी. प्रत्येकाच्या गळ्यात. एका मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही डोंगरातली आंतरराष्ट्रीय संकटाची खूण आहे. उत्तर देणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा वाजवायची. हाकेपेक्षा शिट्टी कितीतरी लांब जाते आणि घसा कोरडा पडला तरी वाजते.

७. चुकलात असं वाटलं तर पुढे पळू नका. शेवटची खात्रीची जागा आठवा, तिथपर्यंत परत या आणि थांबा. शोधणारे तिथेच येतात. रेंज मिळाली तर ११२ लावा.

८. वॉचमन काकांच्या वहीत वाट आणि परतायची वेळ लिहायची. त्या वेळेनंतर एक तासाने त्यांनी सरांना फोन करायचा.

आता जे जोरात पळतात त्यांच्या मनातला प्रश्न मला माहीत आहे, कारण तो माझाही होता. असं थांबत बसलो तर माझा सराव कसा होणार? त्याचं उत्तर नवव्या नियमात आहे.

९. उलटा फेरा. पुढे गेलेल्याने उभं राहून वाट बघायची नाही. वळून शेवटच्या माणसापर्यंत खाली यायचं आणि पुन्हा चढायचं. याचं गणित करून बघा. सिंहगडचा ६०० मीटर चढ पार्टनरला ६० मिनिटं घेतो, म्हणजे मिनिटाला १० मीटर उंची. मी मिनिटाला १५ मीटर चढतो आणि ३० मीटर उतरतो असं धरा. एकट्याने गेलो तर मी ४० मिनिटांत वर जाऊन ताक पीत बसतो. उलटे फेरे घेत त्याच्याबरोबरच वर पोचायचं ठरवलं, तर त्याच ६० मिनिटांत माझा ८०० मीटर चढ आणि २०० मीटर उतार होतो. म्हणजे सराव मलाच जास्त. आणि दर फेरीत पार्टनर नजरेखाली. एका नियमात दोन्ही कामं.

पाणी, मीठ आणि खाणं

आजोबांनी पार्टनरला ढसाढसा पाणी पिऊ दिलं नाही, थोडं थोडं दिलं आणि मग मीठ घातलेलं ताक दिलं. यामागचं शास्त्र आम्हाला नंतर कळलं. घामातून पाणी जातं तसं सोडियमही जातं. तासन् तास नुसतं साधं पाणी गरजेपेक्षा जास्त पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं वाटणं, आणि फार झालं तर जिवावर बेततं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांत सोडियम सामान्य पातळीपेक्षा कमी सापडलं. म्हणून तहान लागेल तसं प्यायचं. कमी नको, पण शर्यत लावल्यासारखंही नको. लिंबू-साखर-मिठाचं पाणी किंवा ओआरएस उत्तम. पाकिटावर लिहिलेल्या मापातच पाणी घ्यावं, अंदाजाने नको.

तासाभराच्या वर पळायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. महागडी जेल आम्हाला परवडत नाहीत. आमचा खुराक म्हणजे केळी, खजूर, चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू. मेसच्या काकू रविवारसाठी मीठ लावून बटाटे उकडून देतात. शर्यतीच्या दिवशी कुठलाही नवीन पदार्थ खायचा नाही, ही सूचना ज्याने पाळली नाही त्याचं नाव मी इथे छापत नाही.

एक आठवण जगाची

पार्टनरचं प्रकरण झाल्यावर सरांनी आम्हाला चीनमधली एक घटना वाचायला दिली. २२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतात डोंगरातली १०० किलोमीटरची शर्यत होती. १७२ स्पर्धक. दुपारी हवामान अचानक बिघडलं, गारा, पाऊस आणि प्रचंड वारा सुरू झाला. बऱ्याच जणांच्या अंगात पातळ कपडे होते. वारा अडवणारं जाकीट सक्तीचं नव्हतं. २१ जण गारठून गेले, त्यांत चीनचे नावाजलेले धावपटूही होते. त्याच डोंगरात झू केमिंग नावाचा मेंढपाळ एका गुहेत आसऱ्याला होता. त्याने सहा जणांना गुहेत आणलं, शेकोटी केली आणि वाचवलं.

ते वाचून आम्ही सगळेच गप्प झालो. मग पुढच्या रविवारी खाऊ घेऊन त्या वाडीत आजोबांना भेटायला गेलो. डोंगर हे आपल्यासाठी मैदान असतं, तिथल्या माणसांचं ते घर असतं. घर कसं आहे ते घरातल्या माणसालाच ठाऊक. तेव्हापासून आमच्या पिशवीत पातळ का होईना, एक जाकीट असतं, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक माणसाला आम्ही राम राम करून पुढची वाट विचारतो, माहीत असली तरी.

शर्यतीचा दिवस

शर्यतीत प्रत्येकाने आपापल्या वेगाने पळायचं हे ठरलेलं होतं. आखलेली वाट, खुणा, ठिकठिकाणी स्वयंसेवक, त्यामुळे तिथे आमचे नियम लागत नाहीत. मी पहिल्यापासून सुटलो. चढ छान गेले आणि उतारावर मी स्वतःला फार हुशार समजतो हे वर सांगितलंच आहे. पहिल्या मोठ्या उतारावर मोकाट सुटलो. दम लागत नव्हता, कारण उतार स्वस्त असतो. वसुली सुरू झाली ती शेवटच्या सहा किलोमीटरमध्ये. दोन्ही मांड्यांत असे गोळे आले की सपाटीवरही पाय उचलेना. आमच्यातले एकेक जण मला ओलांडून गेले. सगळ्यांत शेवटी पार्टनर. तो थांबायला लागला, तेव्हा मीच म्हणालो, "जा रे, तुझी शर्यत आहे." त्याने त्याच्याजवळचं मिठाचं पाणी माझ्या हातात दिलं आणि गेला.

मी आमच्यात शेवटचा आलो. वेळ सांगण्यासारखी नाही. पण शेवटच्या वळणावर पोचलो तेव्हा सर आणि ते सहा जण रेषेपलीकडे उभे होते. सहाही जणांच्या हातात पोह्यांच्या बशा होत्या आणि कुणीही खायला सुरुवात केलेली नव्हती. कुणी बसलेलंही नव्हतं. मी रेषा ओलांडली तेव्हा पार्टनर मोठ्याने म्हणाला, "सात!" आणि मग सगळे खाली बसले.

विश्रांतीचं घड्याळ तेव्हा सुरू झालं.

मित्रांनो, आपण कॉलेजात चार वर्षं एकत्र पळतो. कुणाचा बुटात खडा जातो, कुणाचा विषय राहतो, कुणी मेसला यायचं बंद करतो. पुढच्यांना ते दिसत नाही, कारण त्यांचं लक्ष आपापल्या घड्याळाकडे असतं. मला जे कळायला एक अख्खा रविवार लागला ते तुम्ही या लेखात दहा मिनिटांत वाचलंत. मोजणी करत जा, एवढंच सांगणं.

आणि हो, येत्या रविवारी पहाटे पावणेपाचला होस्टेलच्या गेटवर या. बूट साधे चालतील, नाड्या घट्ट बांधा. हळू पळणाऱ्यांचं विशेष स्वागत आहे. गार्डची पाळी माझी आहे.